उघडी पिशवी

आप्पा संग्रहालयातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि महिनाही उलटला नसेल, तोच आईने मुलीला फोन केला. तुझ्या वडिलांना कुठेतरी कामाला लाव, नाहीतर मी तरी घर सोडते, असं तिने अगदी शांतपणे सांगितलं. आप्पांनी म्हणे स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ एवढं लिहून थांबले असते तर तिची तक्रार नव्हती; पण खाली त्यांनी ‘पांढरी, बारीक, चवीला गोड’ असंही लिहिलं होतं.

मुलीला घरात सगळे चिमणी म्हणत. चणीने ती तशीच होती, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा. सायकल दुरुस्तीच्या दुकानांच्या रांगेमागे तिचा छोटासा कारखाना होता. पत्र्याचं छप्पर आणि तीन खोल्या. पहिलीत कच्चा माल ठेवायचा, मधलीत मशीन, शेवटच्या खोलीत दोघी जणी माल मोजून खोक्यांत भरायच्या. पूर्वी तिथे कपड्यांचे चिमटे आणि बाटल्यांची झाकणं निघत. वर्षभरापासून चिमणीने ते सगळं बंद करून आइस्क्रीमचे चमचे काढायला घेतले होते, आणि तेही कुजणाऱ्या प्लास्टिकचे. मक्याच्या पिठापासून बनवलेले पांढुरके, गुळगुळीत दाणे जाड चंदेरी पिशव्यांतून यायचे. ते मशीनच्या नरसाळ्यात ओतायचे, आत ते तापून पातळ व्हायचे, साच्यात दाबले जायचे आणि खटकन चमचे बाहेर पडायचे.

मालाची खोली सांभाळायला तिला खरंच माणूस हवा होता, कारण तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तिने आप्पांना बोलावलं आणि घाईघाईत समजावून सांगितलं. ह्या पिशव्या उन्हात ठेवायच्या नाहीत, जमिनीला टेकवायच्या नाहीत, जुन्या प्लास्टिकचा एक दाणासुद्धा त्यांत मिसळू द्यायचा नाही, आणि ओल तर अजिबात लागू द्यायची नाही. पिशवी लागेल तेव्हाच फोडायची आणि त्याच दिवशी संपवायची. दाणे कोरडे करायचं यंत्र अजून आपल्याकडे नाही, त्यामुळे सगळी भिस्त सीलबंद पिशवीवर आहे. आप्पांनी मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या.

आठवड्याभरात खोलीचं रूप पालटलं. पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आधी आलेली पुढे आणि नंतर आलेली मागे. जुन्या झाकणांचा रंगीत चुरा पार दुसऱ्या टोकाला, वर झाकण. खिडकीला जाड पडदा. चिमणीने पाहिलं आणि तिला वाटलं, हे आधीच का नाही सुचलं आपल्याला. आईनेही फोन करून सांगितलं की घर आता घरासारखं वाटतंय.

मशीन चालवणारा गडी कामाच्या वेळी सतत शीळ घालायचा, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणत. त्याची आणि आप्पांची चांगली गट्टी जमली. दोघे चहा बरोबर प्यायचे. आप्पा त्याला संग्रहालयातल्या गोष्टी सांगायचे आणि तो ऐकत ऐकत मशीनला तेल द्यायचा.

सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस आइस्क्रीमवाला आला. तो चिमणीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, पोटाने आणि मनानेही मोठा, पण त्या दिवशी चेहरा पडलेला. त्याने टेबलावर कागदाची पुडी उघडली. आत चमच्यांचे तुकडे होते. मग खिशातून एक अख्खा चमचा काढला, दोन बोटांत धरला आणि जरा दाबला. कट्‌ करून तो मोडला.

“ताई, हा चमचा आहे की बिस्कीट?” तो म्हणाला.

त्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडात टोक मोडून राहिलं होतं. नशीब, कवळीला अडकलं, घशात गेलं नाही. पुढच्या रविवारी मैदानावर मोठ्या शर्यती होत्या, अख्खं गाव लोटणार होतं आणि आइस्क्रीमचा ठेला त्याचा होता. तोवर चांगले चमचे मिळाले तर ठीक, नाहीतर मला लाकडी घ्यावे लागतील, असं तो म्हणाला. रागावून म्हणाला असता तर चिमणीने भांडण तरी केलं असतं. तो ओशाळून म्हणाला, आणि तेच तिला जास्त लागलं.

तो गेल्यावर ती आणि शिट्टी मशीनपाशी उभी राहिली. शिट्टीने तोटीतून थोडा वितळलेला माल पत्र्यावर काढून दाखवला. एरवी तो मधासारखा तार धरून उतरायचा; आता पाण्यासारखा पसरत होता. उष्णता जास्त झाली असेल म्हणून त्यांनी ती कमी केली. साचा पुसला. मशीन पूर्ण रिकामं करून पुन्हा भरलं. चमचे निघत होते, दिसायला छान, आणि मोडत होते. शिट्टीची शीळ बंद झाली. भरणाऱ्या दोघींनाही ती शांतता सोसवेना; त्या उगाचच खोकी इकडची तिकडे करत राहिल्या.

शेवटी चिमणीने दाणे पुरवणाऱ्या कंपनीत फोन लावला. तिकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पिशवी उघडी राहते का? चिमणी म्हणाली, छे, आमची खोली तर देव्हाऱ्यासारखी आहे. बाई म्हणाल्या, तरी बघा. हे दाणे मिठासारखे असतात, हवेतली ओल पितात. वरून काही कळत नाही. पण ओले दाणे तापले की ते आतल्या आत तुटतात, आणि मग त्यांचा चमचा करा नाहीतर कुंडी, ती ठिसूळच होणार. त्या दिवसांत हवा खरंच दमट होती. वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही ओलाच लागायचा.

फोन ठेवून चिमणी मालाच्या खोलीकडे निघाली, तर आतून मुलांचा गलका ऐकू आला. ती दाराबाहेरच थबकली.

शाळेचा एक वर्ग आत आला होता, बरोबर बाई होत्या. मधोमध स्टुलावर एक पिशवी, तोंड पूर्ण उघडलेलं, आणि भोवती सगळी मुलं. पडदा बाजूला सारलेला. आप्पा ताठ उभे राहून सांगत होते की हे बघा, हा मका, पण खायचा नाही. ह्याचा चमचा होतो, आणि तो मोठ्या खतकारखान्यात गरम ढिगाऱ्यात टाकला की त्याची माती होते. रस्त्यावर टाकलात तर होत नाही, लक्षात ठेवा.

“आणि आता,” आप्पा म्हणाले, “सगळ्यांनी हात लावून बघा.”

मुलांनी कोपरापर्यंत हात पिशवीत घातले. कुणी दाणे मुठीत घेऊन पुन्हा सोडले, कुणी नाकाशी नेले. आप्पांचा चेहरा चिमणीने नीट पाहिला. एवढ्या वर्षांत तिने त्यांना असं खुललेलं पाहिलं नव्हतं. संग्रहालयात त्यांचं काम दालनात उभं राहण्याचं होतं, आणि दिवसभर एकच वाक्य म्हणण्याचं: हात लावू नका. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, नव्या लग्नाच्या जोडप्यांना, सगळ्यांना तेच. एकदा तर ती स्वतः लहान असताना एका दगडी हत्तीच्या सोंडेला हात लावायला गेली, तेव्हा तिलाही ते तसंच म्हणाले होते आणि मग घरी येऊन गप्प बसले होते.

ती दारातून मागे फिरली.

नंतर तिने इकडेतिकडे चौकशी केली, तेव्हा सगळा उलगडा झाला. सायकलवाले येऊन गेले होते, पत्रं वाटणारी बाई, समोरचा शिंपी आणि त्याचा मेहुणा, सगळ्यांनी दाणे हाताळले होते. आप्पा प्रत्येक वेळी पिशवीचं तोंड व्यवस्थित दुमडून चिमटा लावायचे. पण उघडी राहायची ती ‘एक मिनिट’ म्हणता म्हणता अर्धा तास, आणि येणारा बोलका असला तर दुपारभर. उघडलेली पिशवी मग रांगेत आपल्या जागी, मशीनवर जायला तयार.

त्या रात्री तिने ताटातला भात नुसता चिवडला. नवऱ्याने विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायचा, रोज दहा लोकांना अप्रिय गोष्टी सांगायची त्याला सवय होती. मी सांगू का त्यांना, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली. जावयाने सांगितलं तर ते आणखी लागेल.

दुसऱ्या दिवशी तिने एक पळवाट काढली. मालाच्या खोलीला कुलूप लावलं आणि आप्पांना सांगितलं की उंदीर झालेत, थोडे दिवस आत कुणालाच सोडायचं नाही. आप्पा गंभीर झाले. दुपारी ते दोन पिंजरे आणि पावाचे तुकडे घेऊन आले, किल्ली मागून घेतली आणि आत बसून राहिले. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा गुडघ्यांना धूळ लागली होती.

“चिमणे, उंदीर नाहीत,” ते म्हणाले. “लेंड्या नाहीत, कुठे कुरतडलेलं नाही. तू लहानपणापासून खोटं बोललीस की तुझा उजवा कान लाल होतो. काय झालंय ते सांग.”

तिने सांगितलं. आवाज एरवी पत्रा हलवणारा, पण त्या वेळी तो समोरच्यालाही जेमतेम ऐकू जाईल एवढाच निघाला. आप्पांनी वाकून गुडघ्यांची धूळ झटकली.

“म्हणजे चमचे मी मोडले.”

“आप्पा, मीच नीट सांगितलं नव्हतं.”

“नीटच सांगितलं होतंस. मला वाटलं, एक मिनिटाने काय होतंय.”

त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली. जाताना शिट्टीकडून खराब झालेले दाणे डबाभर मागून घेतले. कशाला म्हणून त्याने विचारलं तर नुसतं ‘बघून सांगतो’ म्हणाले आणि निघाले.

सकाळी चिमणी कारखान्याचं कुलूप काढत असतानाच आईचा फोन आला. तुझे वडील पहाटेपासून माझ्या ओव्हनसमोर बसलेत, घरात कसलासा गोडसर जळका वास सुटलाय, मी ओव्हन बंद केलाय आणि खिडक्या उघडल्यात, तू ये. चिमणीने सायकल तशीच वळवली.

स्वयंपाकघरात आप्पा स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. ओट्यावर आईचं केकचं भांडं होतं आणि त्यात दाणे नव्हते. एक पिवळट ढेकूळ होतं, गुळाच्या ढेपेसारखं, भांड्याला चारी बाजूंनी घट्ट चिकटलेलं. ओल गेली की दाणे पुन्हा चांगले होतील, असा आप्पांचा सरळ हिशेब होता. पण दाणे वाळायच्या आधीच एकमेकांना बिलगले होते. ते काढून बघावं म्हणून आप्पांनी बोट पुढे केलं.

“हात लावू नका,” चिमणी ओरडली. “अजून गरम आहे, कातडीला चिकटेल.”

भोंगा वाजल्यासारखा आवाज आला आणि आप्पांचा हात हवेतच राहिला. त्यांनी वळून मुलीकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

“जन्मात पहिल्यांदा हे मला कुणी म्हटलं,” ते म्हणाले.

आधी आई हसली. मग चिमणी. आप्पा तर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ते थोडे रडलेही, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. आईने फक्त एवढंच सांगितलं की ते भांडं तिच्या बहिणीने दिलेलं होतं आणि तिला ते कधीच आवडलं नव्हतं.

चहा झाल्यावर चिमणीने या वेळी घाई न करता सगळं समजावलं. दाणे कोरडे होतात, पण मंद, कोरड्या हवेत, त्यासाठी बनवलेल्या यंत्रात, तासन्‌तास. घरच्या ओव्हनचा आकडा एक सांगतो आणि आतली धग भलतीच असते. शिवाय ज्यात आपण खायचं शिजवतो त्यात कारखान्याचं काही घालूच नये. आप्पा ऐकत होते. मध्येच तिला थांबवून ते म्हणाले की संग्रहालयात जुन्या चित्रांच्या दालनात भिंतीवर एक घड्याळासारखं यंत्र होतं, त्याचा काटा हवेतली ओल दाखवायचा. काटा वर सरकला की ते धावत जाऊन साहेबांना सांगायचे. चित्रांच्या पेट्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असायच्या, त्यांचा रंग बदलला की नव्या घालायच्या. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं, ते म्हणाले, आणि इथे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण हे चित्र नव्हतं, प्लास्टिक होतं.

पुढचे दिवस धावपळीत गेले. दाणे पुरवणाऱ्या बाईंनी नव्या पिशव्या पाठवल्या. उघडलेल्या टाकायच्या नाहीत, वाळवून वापरता येतील, असंही त्या म्हणाल्या. गल्लीच्या टोकाला खेळणी बनवणाऱ्याकडे वाळवायचं यंत्र होतं; त्याच्या सुट्टीच्या दिवशी ते वापरायला त्याने आनंदाने परवानगी दिली. आप्पांनी भिंतीवर ओल मोजायचं यंत्र लावलं. काचेच्या एका बरणीत मूठभर दाणे घालून तिचं झाकण मेणाने बंद केलं. येणाऱ्यांना ती बरणी हातात द्यायची, हवी तशी हलवून बघू द्यायची. बोटांनी चाचपायला तयार चमचे होतेच. पिशवीला मात्र आता फक्त शिट्टी आणि आप्पाच हात लावणार, तेही मशीन तापून तयार झाल्यावर.

शर्यतींच्या आदल्या दिवशी शेवटची खेप निघत होती. तोटीतला माल पुन्हा मधासारखा उतरत होता आणि शिट्टी एक जुनी चाल वाजवत होता. तेवढ्यात पिशवी उचलताना त्याचा हात निसटला आणि ओंजळीभर दाणे फरशीवर सांडले, थेट दारापर्यंत घरंगळत गेले. नेमका त्याच क्षणी आइस्क्रीमवाला दारात आला, घामाघूम, आत यायच्या घाईत.

आप्पा दोन्ही हात पसरून आडवे झाले. “तिथेच थांबा. पाऊल टाकू नका.”

आइस्क्रीमवाल्याचा एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. एवढा मोठा माणूस चौकटीला धरून बगळ्यासारखा उभा. त्याला आधी वाटलं, तक्रार केली म्हणून आपल्यावर अजून राग आहे. आप्पांनी त्याला सांगितलं की फरशीवर गोट्या पसरल्यात असं समजा. हे दाणे पायाखाली आले की धडधाकट माणूस आडवा होतो. मग त्यांनी कोपऱ्यातला झाडू आणला आणि दाणा न्‌ दाणा गोळा केला. ते दाणे मशीनमध्ये न टाकता वेगळ्या डब्यात गेले, कारण त्यांत आता धूळ होती. तोवर पाय खाली टेकायची आइस्क्रीमवाल्याची हिंमत झाली नाही. शेवटी शिट्टीने त्याला खुर्ची दिली.

त्याने बरोबर बर्फाच्या पेटीत आइस्क्रीमचा डबा आणला होता, दगडासारखा गोठलेला. ताजा चमचा त्यात खुपसला, दाबला, वाकवला. चमचा थोडा वाकला आणि परत सरळ झाला. त्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग त्याने आइस्क्रीम सगळ्यांना वाटलं, भरणाऱ्या दोघींना जरा जास्त. खोकी गाडीत चढवताना त्याने चिमणीला विचारलं, की हे काका रविवारी मोकळे आहेत का.

रविवारी मैदानावर खरंच मुंगीला शिरायला जागा नव्हती. ठेल्याशेजारी आइस्क्रीमवाल्याने एक मोठं हिरवं पिंप ठेवलं होतं. वापरलेले चमचे त्यात टाकायचे म्हणजे ते खतकारखान्यात जातील, असं ठरलं होतं. पण दुपारपर्यंत पिंप जवळपास रिकामं. चमचा एकही मोडला नव्हता, आणि हीच अडचण होती: लोक ते चाटून पुसून खिशात घालत होते. एवढा चांगला चमचा कोण टाकतं, असं एक बाई तोंडावर म्हणाल्या.

म्हणून आप्पा पिंपाशेजारी उभे राहिले. प्रत्येकाला समजावायचं, की घरी नेलात तर खणात पडून राहील, इथे टाकलात तर माती होईल. कुणी ऐकलं, कुणी वाद घातला, एका आजोबांनी सुरुवातीपासून सगळं पुन्हा सांगायला लावलं. आप्पांनी सांगितलं. पिंप हळूहळू भरत गेलं. शर्यतीत कोण पहिलं आलं हे चिमणीला, शिट्टीला किंवा आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आई सावलीत बाकावर बसून हे सगळं बघत होती. तिने आपलं आइस्क्रीम संपवलं, उठून चमचा पिंपात टाकला आणि नवऱ्याला विचारलं, “अहो, ठेल्यावर लिंबाचंही आइस्क्रीम आहे म्हणे, त्याचं काय? ते अजून चाखलंच नाही मी.”